सेल्फ नुसता कट-कट करतो, हेडलाईट मिणमिणतो : १९९७ ची कमांडर, तालुका घाटंजी

धुऱ्यावरची_कमांडर | ३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे. गाडी १९९७ ची कमांडर, डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन. बाबांनी घेतली तेव्हा मी तिसरीत होतो. सध्या कापसाची वेचणी चालू आहे. बायांना वावरात नेणं-आणणं, संध्याकाळी कापसाचे गाठोडे घरी आणणं, सगळं हिच्याच जिवावर.

त्रास असा. चार-पाच दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ नुसता कट-कट-कट करतो. ढकलली की लगेच सुरू होते. रोज चालवली तर सेल्फ लागतो, पण जड, चिखलातून म्हैस ओढल्यासारखा. रात्री हेडलाईट पिवळा पडतो. इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर उजवा हेडलाईटही मंद होतो. आणखी एक विचित्र गोष्ट : हेडलाईट लावला की टेंपरेचरचा काटा वर चढतो, बंद केला की खाली येतो. पाणी व्यवस्थित आहे, इंजिन तापत नाही. चार्जिंगचा लाल दिवा रात्री अगदी मंद जळत राहतो.

आतापर्यंत केलेलं : मागच्या दिवाळीला नवीन ८० अँपियर-अवरची बॅटरी. उन्हाळ्यात सेल्फ खोलून बुश, कार्बन बदलले. पोळ्याच्या सुमारास बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचे कार्बन बदलले. साडेअकरा हजार गेले आणि गाडी होती तिथेच आहे. ज्यांनी काम केलं त्यांनी मेहनत केली, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येक वेळी "हा पार्ट बदलून पाहू" एवढंच झालं.

गाडी विकायची नाही. मोटरपंपाच्या कामासाठी घेतलेला साधा डिजिटल मीटर घरी आहे. कुठून सुरुवात करू?

पुसदकर_८१ | ३ नोव्हेंबर, रात्री १०:३५

भाऊ, माझ्याकडे अशीच जीप होती. मी सरळ १०० अँपियर-अवरची बॅटरी टाकली आणि हेडलाईटला १००/९० वॅटचे बल्ब लावले. डायनामो तपासायचा तर गाडी चालू ठेवून बॅटरीचं एक टर्मिनल काढायचं. इंजिन चालू राहिलं तर डायनामो चांगला.

निदेशक_वर्धा | ३ नोव्हेंबर, रात्री ११:१०

पुसदकर, राग मानू नका, पण ती टर्मिनल काढायची तपासणी कोणीही करू नये. बॅटरी ही डायनामोसाठी धक्के झेलणारी गादी असते. चालू गाडीत ती काढली की व्होल्टेज क्षणात उसळतो आणि डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) जातो. शिवाय ही जुनी डिझेल गाडी आहे. डिझेलचा पंप यांत्रिक, इंजिन बंद करायची ओढ-केबलही यांत्रिक. एकदा सुरू झाली की तिला विजेची गरजच नाही. डायनामो पूर्ण मेलेला असला तरी इंजिन फिरतच राहील. म्हणजे तपासणीतून कळत काहीच नाही, नुकसान मात्र होऊ शकतं.

कमांडरवाले दादा, मी आयटीआयमध्ये शिकवतो. मुलांना पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट घोकून घेतो : आधी मोजा, मग पाना उचला. मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा आणि एवढे आकडे द्या.

सकाळी गाडीला हात लावायच्या आधी बॅटरीच्या दोन खांबांवर किती? चांगल्या, भरलेल्या बॅटरीला १२.६ च्या आसपास हवेत. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. मग दुसरा माणूस सेल्फ मारत असताना तिथेच किती? मीटरची टोकं शिशाच्या खांबावर टेकवा, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही. नंतर गाडी चालू, हेडलाईट लावलेले, रेस थोडी वर : बॅटरीवर किती, आणि डायनामोच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टपासून डायनामोच्याच बॉडीपर्यंत किती?

आणि सर्वांत महत्त्वाचं. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर, रंग नसेल अशा जागी. सेल्फ मारताना किती दाखवतो? तसंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत सेल्फ मारताना किती? या दोन्ही ठिकाणी ०.२, फार तर ०.३ व्होल्ट यायला हवा.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला. सैल शर्ट, गमछा, ओढणी फॅनबेल्टपासून लांब. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये एक मिनिट थंड होऊ द्या.

जुना_कटआऊट | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

भाऊ, सरांनी बराबर सांगतलं. मी १९८८ पासून हेच काम करून रायलो. पयले डायनामो आन् कटआऊटवाल्या गाड्या होत्या, मंग अल्टरनेटर आले. आमी आजबी त्याले डायनामोच म्हनतो.

मले दोन गोष्टी सांगा. मागच्या दोन-तीन वर्सात क्लचचं नाई तं गिअरबॉक्सचं काम झालं काय? आन् सेल्फ दोन-तीनदा मारून झाला की इंजिन बंद करायच्या ओढ-केबलले बोनटच्या आतून हात लावून पाहा. गरम लागते काय? जपून, भाजन हाताले.

धुऱ्यावरची_कमांडर | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

काका, तुम्ही माझी गाडी पाहिली आहे का कुठे? क्लचप्लेट गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात बदलली. आणि केबल गरम नाही, चटका बसला! वरचं काळं प्लास्टिक एके ठिकाणी वितळून लोखंडाला चिकटलं आहे. इतके दिवस मला वाटायचं, सायलेन्सरच्या उष्णतेनं झालं असेल.

सरांनी मागितलेले आकडे. गाडी कालच चालवली होती. सकाळी बॅटरी १२.३. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर १०.८. पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा बोल्ट ०.४. निगेटिव्ह खांब ते इंजिन २.९! तीनदा पाहिलं, तेवढंच. गाडी चालू, हेडलाईट लावून : बॅटरीवर १३.१, पण डायनामोवर १४.३.

निदेशक_वर्धा | ४ नोव्हेंबर, रात्री ८:०५

सापडला. नवीन वाचकांसाठी जरा सविस्तर लिहितो, कारण हा दोष विदर्भात गावोगावी उभ्या असलेल्या शेकडो जुन्या गाड्यांत मिळेल.

वीज बॅटरीतून जाड लाल केबलने सेल्फपर्यंत जाते. पण तिला बॅटरीत परतही यायचं असतं. सेल्फ इंजिनला बोल्टने बसवलेला, म्हणून परतीचा प्रवास इंजिनच्या लोखंडातून सुरू होतो. इंजिन मात्र चेसिसवर रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं आहे आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चेसिसपर्यंत एक जाड पट्टी किंवा केबल दिलेली असते, तिला अर्थ पट्टी म्हणतात (अर्थ म्हणजे विजेची परतीची वाट). ती तुटली, गंजली किंवा कोणी परत लावायची विसरलं, की वीज मिळेल ती वाट धरते. इथे तिला इंजिन आणि बॉडी जोडणारी एकच धातूची वस्तू मिळाली : ओढ-केबल. डिझेल इंजिनचा सेल्फ दोनशे अँपियरच्या वर घेऊ शकतो. तेवढी वीज सायकलच्या ब्रेकसारख्या केबलमधून ओढली तर ती तापणारच.

आता हिशेब पाहा. बॅटरी देत होती १०.८. त्यातले २.९ परतीच्या वाटेत गेले, ०.४ जाण्याच्या वाटेत. सेल्फच्या वाट्याला आले ७.५. एवढ्यावर नवा सेल्फही म्हशीसारखाच ओढेल. १०.८ हा आकडा सांगतो की बॅटरीत अजून जीव आहे.

तुमच्या टेंपरेचरच्या काट्याचं कोडंही यातच सुटतं. डायनामोही इंजिनवरच बसलेला, त्याचीही परतीची वाट तीच. हेडलाईट लावला की डायनामोला जास्त वीज द्यावी लागते, त्या बारीक वाटेवर व्होल्टेज पडतो आणि इंजिनचं लोखंड बॅटरीच्या निगेटिव्हच्याही सव्वा व्होल्ट खाली जातं. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनच्या लोखंडाचाच अर्थ घेतो, म्हणून मीटरमधून जास्त वीज वाहते आणि काटा फसतो. डायनामो १४.३ तयार करतो, बॅटरीपर्यंत १३.१ पोचतात. तेवढ्यावर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. म्हणजे वर्षभर नवी बॅटरी अर्धपोटी राहिली.

जुना_कटआऊट | ४ नोव्हेंबर, रात्री ८:४०

म्हून मी क्लचचं विचारलं. गिअरबॉक्स खाली घेताना थे पट्टी सोडा लागते. परत चढवताना हात कालेकुट्ट, अंधार पडलेला, ग्राहक घाईत. राहून जाते. गाडी सुरू झाली म्हून कोनाच्या ध्यानातबी येत नाई. माह्या पोरानं पन एकदा असंच केलं होतं, तवापासून मी गाडी सोडायच्या आधी खाली वाकून सोता पाह्यतो.

आता कसं करा. बाजारात पट्टी भेटन, नाई भेटली तं ३५ स्क्वेअर एमएमची बॅटरी केबल घ्या, हातभर पुरे. दोन्ही टोकाले तांब्याचे थिंबल (बोल्टात अडकवायचे कडे) दाबून बसवून घ्या, हातोडीनं चेपू नोका. तार आत सैल रायली की वर्सभरात हिरवी पडते. एक टोक गिअरबॉक्सच्या बोल्टले, दुसरं चेसिसले. चेसिसवरचा रंग पॉलिश पेपरनं घासून लोखंड चकचकीत करा, येक रुपयाच्या नाण्यायेवढी जागा. दातेरी वायसर टाका, पाना लावून कसून घट्ट करा, आन् मंग वरून ग्रीस. ग्रीस पयले नाई, मागून. बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसिसले जिथं लागते तिथंबी असंच करा. येक बाजू साफ करून दुसरी सोडली तं काम अर्धं.

काम चालू करायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. काढताना निगेटिव्ह पयले, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीले लागला तं जागच्या जागी वेल्डिंग होते. माह्या हाताची आंगठी अशीच लाल झाली होती १९९४ साली, डाग अजून हाय.

वरुडची_बागायतदार | ५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

हा धागा वाचून मी माझ्या २००१ च्या पिकअपवर तोच निगेटिव्ह खांब ते इंजिनवाला प्रयोग केला. ०.६ आला. गाडी सुरू व्हायला काही अडचण नाही, मग याची काळजी करायची का? संत्र्याच्या क्रेट भरून रात्री-अपरात्री जावं लागतं, वाटेत बंद पडली तर एकटीने ढकलणं शक्य नाही.

दुसरं, आमच्याकडे मे महिन्यात बॅटरीचं पाणी पंधरा दिवसांत खाली जातं. ते घरच्या आरओचं चालतं का?

निदेशक_वर्धा | ५ नोव्हेंबर, दुपारी ३:००

ताई, ०.६ म्हणजे दुखणं सुरू झालं आहे, अजून अंथरूण धरलेलं नाही. दोन्ही टोकं खोलून घासा, बहुतेक ०.२ च्या आत येईल.

आरओचं पाणी घालू नका. त्यात थोडे क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटरच घाला, आणि गाडी चार्ज झाल्यावर घाला, कारण चार्जिंगमध्ये पातळी थोडी वर येते. प्लेटा उघड्या पडू द्यायच्या नाहीत, एवढं पाळलं तरी बॅटरी टिकते. ४५ अंशांच्या उन्हात बॅटरीचं आयुष्य कमी होतंच, थंडीत आपल्याला ते फक्त कळतं. झाकणं उघडताना बिडी, काडेपेटी जवळ नको. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. पंधरा दिवसांत इतकं पाणी उडत असेल तर चार्जिंगचा व्होल्टेजही पाहा. १४.५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर संशयात.

धुऱ्यावरची_कमांडर | ७ नोव्हेंबर, रात्री ९:००

काल यवतमाळहून केबल आणली, थिंबल तिथेच दाबून घेतले. आज सकाळी मी आणि धाकटा भाऊ गाडीखाली. गिअरबॉक्सच्या बाजूला पट्टीचा रिकामा बोल्ट होता, त्यावर मातीचा पोपडा बसलेला. चेसिसच्या बाजूचं भोक गंजाने बुजलेलं. दोन्ही बाजू घासल्या.

पहिला सेल्फ मारला आणि आईसुद्धा घरातून बाहेर आली. तो आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. निगेटिव्ह ते इंजिन आता ०.१५. लाल केबलचे बोल्टही साफ केले, तिथे ०.२. हेडलाईट लावून बॅटरीवर १४.०. टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही. बाबा गाडीत बसून राहिले, म्हणाले, "बंद करू नको, चालू दे थोडी."

दोन गोष्टी मात्र उरल्या. उजवा हेडलाईट अजून इंडिकेटरबरोबर लुकलुकतो, आणि लाल दिवा अजून अगदी पुसटसा दिसतो. गाडी उभी राहून बॅटरी उतरण्याचा त्रास गेला की नाही, ते पाच दिवसांनी कळेल.

निदेशक_वर्धा | ७ नोव्हेंबर, रात्री ९:३५

पाच दिवस थांबायची गरज नाही. अर्थ पट्टीमुळे बॅटरी भरत नव्हती हे खरं, पण उभ्या गाडीत ती उतरते म्हणजे कोणीतरी वीज पितही आहे.

चावी काढा, दारं बंद, आतला दिवा बंद. मीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात घाला. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटर मध्ये जोडा : एक टोक खांबाला, एक काढलेल्या टर्मिनलला. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. अशा साध्या गाडीत आकडा जवळपास शून्य हवा. टेप बसवला असेल तर त्याच्या मेमरीचे थोडे, ०.०५ च्या आत. जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जा आणि आकडा कुठे पडतो ते पाहा. सगळे फ्यूज काढूनही पडला नाही, तर डायनामोची जाड वायर सोडा. ती फ्यूजमधून जात नाही. सोडलेलं टोक रबरात गुंडाळा.

जुना_कटआऊट | ७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मीटरच्याबी आधी येक करा. सकाळी उठल्या उठल्या, गाडी सुरू करायच्या आधी, डायनामोले पाठीमागून हात लावा. रातभर उभी असलेली गाडी, इंजिन गारठलेलं, आन् डायनामो कोमट लागला तं डायोड चुवते, बॅटरीची वीज त्यातून गळते.

धुऱ्यावरची_कमांडर | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

कोमट आहे. इंजिनला हात लावला तर बर्फ, डायनामोची पाठ कोमट. भावालाही हात लावायला सांगितलं, म्हटलं मनाचा खेळ नको.

मीटर जोडला : ०.४१ अँपियर. टेपचा फ्यूज काढला, ०.३८. बाकी सगळे काढले, ०.३८ च. डायनामोची जाड वायर सोडली, ०.००.

एका जागी वाचलं होतं की मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावला तर खराब डायोड कळतो. तसं केलं तर उभ्या गाडीवरच २७ दाखवतोय. हे काय नवीन?

निदेशक_वर्धा | ८ नोव्हेंबर, सकाळी ८:००

घाबरू नका. स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीही मोजून दुपटीहून जास्त दाखवतात. टोकं उलटी लावा, शून्य येईल. ती तपासणी चांगल्या मीटरनेच करायची. तुमच्याकडे काकांची कोमट पाठ आणि ०.३८ हे दोन पुरावे आहेत, तेवढे भरपूर झाले.

हिशेब : ०.३८ गुणिले २४, म्हणजे दिवसाला ९ अँपियर-अवर. पाच दिवसांत ४५. तुमची बॅटरी ८० ची, आणि तीही कधी पूर्ण भरलेली नव्हती. म्हणून रोज चालवली की चालायची आणि पाच दिवसांनी कट-कट. डायनामो खोलून डायोड प्लेट बदला, पूर्ण डायनामो नको. खोललाच आहे तर बेअरिंगही हाताने फिरवून पाहा. पुसट लाल दिवाही बहुधा त्याच्याबरोबर जाईल.

एक विचारतो. गाडीला कधी वेल्डिंग केलं होतं का?

धुऱ्यावरची_कमांडर | ८ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

हो! क्लचच्या कामानंतर थोड्याच दिवसांनी, ट्रॉलीचा हूक चेसिसला वेल्ड करून घेतला. बॅटरी जोडलेलीच होती. कोणी सांगितलंच नाही.

जुना_कटआऊट | ८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

वेल्डिंगच्या आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा लागते, डायनामोची वायरबी काढा लागते, आन् वेल्डिंगचा अर्थ जिथं जोड द्यायचा हाय तिथंच जवळ लावा लागते. तुमच्या इंजिनले तं पट्टीच नव्हती, करंट कुठून कुठं फिरला असन कोनाले माहीत. त्यानंच डायोड गेला असं मी छातीठोक सांगू शकत नाई, पन माह्या दुकानात वेल्डिंगनंतर आलेले डायनामो लय पाह्यले.

आनखी येक, चार्जिंगच्या लाल बल्बवर नजर ठेवत जा. चावी दिली की लागला पायजे, गाडी सुरू झाली की विझला पायजे. काई लोक त्रास नको म्हून थो बल्बच काढून टाकतात. त्याच बल्बातून डायनामोले पयला करंट भेटते. बल्ब नसला तं डायनामो उठतच नाई, नाई तं लय रेस केल्यावर उठते.

मूल_धानपट्टा | ८ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

इकडे आमच्या धानपट्ट्यात अर्धे दोष उंदरांचे. धान कापून घरात आलं की उंदीरही घरात येतात आणि गाडीच्या बोनटखाली ऊब शोधतात. माझ्या जीपची मागच्या दिव्यांची वायर त्यांनी दोन वर्षांत तीनदा कुरतडली. एकदा सोललेली तार बॉडीला लागून फ्यूज सतत उडत होता. मी मोठा फ्यूज टाकणार होतो, पण शेजारच्या वायरमनने हात धरला. फ्यूज मोठा केला की फ्यूजऐवजी वायर जळते. मग फ्यूज काढून त्याच्या जागेच्या दोन पायांवर २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब जोडून दिला त्याने. जिथे वायर हलवली की बल्ब मंद झाला किंवा विझला, तिथेच शॉर्ट. तासाभरात सापडलं, एक फ्यूजही जळला नाही. आता सगळी वायरिंग पन्हाळीसारख्या प्लास्टिक नळीत घातली आहे आणि रात्री बोनट उघडं ठेवतो. ऊब आणि अंधार मिळाला नाही की ते बसत नाहीत.

पुसदकर_८१ | ८ नोव्हेंबर, रात्री ८:२०

मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. माझी जीप ज्यांनी घेतली, तेही एक-दीड वर्षात डायनामो बदलून बसले होते. आज कारण कळलं. पण १००/९० च्या बल्बचं काय चुकलं? उजेड तर खरोखर वाढला होता.

निदेशक_वर्धा | ८ नोव्हेंबर, रात्री ९:१०

तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत, म्हणून नीट उत्तर देतो. साधा हॅलोजन ६०/५५ वॅटचा. दोन बल्ब हाय बीमला १२० वॅट, म्हणजे दहा अँपियर. जुन्या जीपमध्ये हे दहा अँपियर डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून पुढे येतात. पंचवीस वर्षं झिजलेले पॉइंट, त्यात वाटेतले कपलर. बल्बपर्यंत दीड-दोन व्होल्ट सहज मरतात. आणि हॅलोजनचं गणित कठोर आहे : व्होल्टेज दहा टक्के पडला की उजेड तीसेक टक्के पडतो. १०० वॅटचा बल्ब टाकला की त्याच स्विचमधून सतरा अँपियर जातात. उजेड वाढतो, स्विच वितळतो, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात.

उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या विजेवर चालून मोठी वीज सोडणाऱ्या स्विचचा. हाय बीमला एक, लो बीमला एक. ३० नंबरच्या पायाला बॅटरीपासून फ्यूजमधून ४ स्क्वेअर एमएमची वायर, ८७ पासून बल्बला २.५ ची. ८६ ला जुनी हेडलाईटची वायर, ८५ ला अर्थ. आता स्विचमधून जेमतेम पाव अँपियर जाईल. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, नाहीतर फ्यूजच्या आधीची वायर बिनराखणीची राहते.

कमांडरवाले दादा, रिलेच्या आधी उजव्या दिव्याचा अर्थ पाहा. इंडिकेटर आणि हेडलाईट एकाच स्क्रूवर अर्थ घेत असतील आणि तो स्क्रू गंजला असेल, तर इंडिकेटर लागला की हेडलाईटची परतीची वाट आणखी चोंदते. दोष छोटा आहे, पण तुमच्या इंजिनात होता तोच आहे.

धुऱ्यावरची_कमांडर | १६ नोव्हेंबर, रात्री ८:४५

उशिरा लिहितो आहे, वेचणीमुळे वेळ मिळाला नाही. डायोड प्लेट आणि मागचं बेअरिंग बदललं. दुकानदार पूर्ण डायनामो घ्या म्हणत होता. मी ०.३८ चा आकडा कागदावर लिहून नेला होता, तो दाखवला, मग त्याने प्लेटच काढली. आता गाडी उभी असताना ०.०३, तेवढा टेप घेतो. लाल दिवा पूर्ण विझतो. १० तारखेला रात्री उभी केली, आज सकाळी सहाव्या दिवशी चावी फिरवली, अर्ध्या फेरीत सुरू. सकाळी बॅटरी १२.६.

उजव्या दिव्याचा स्क्रू खरंच गंजलेला. तो काढून सरळ चेसिसपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढली. बल्बवर आधी १०.३ होते, रिले बसवल्यावर १३.४. आज अंधार पडल्यावर पांढरकवड्याहून येताना टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या रस्त्यावर एक नीलगाय आडवी आली. बरीच लांबून दिसली, आरामात थांबलो. आधीच्या उजेडात ती अगदी जवळ आल्यावरच दिसली असती.

एकूण खर्च : केबल, थिंबल, डायोड प्लेट, बेअरिंग, दोन रिले, वायर आणि फ्यूज मिळून एकोणीसशे रुपये. काका, सर, तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. बाबांना हा धागा वाचून दाखवला. काकांच्या अंगठीपाशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

वरुडची_बागायतदार | १७ नोव्हेंबर, सकाळी ११:००

माझाही आकडा देते. दोन्ही टोकं घासली, ०.६ चे ०.३५ झाले. ०.२ काही येत नाही. पट्टी दिसायला चांगली आहे, विणलेली, तुटलेली नाही.

जुना_कटआऊट | १७ नोव्हेंबर, दुपारी २:१०

ताई, विनलेली पट्टी वरून चांगली दिसते, थिंबलजवळ बोटानं वाकवून पाहा. हिरवट भुकटी पडली तं आतून सडली. बदला, नवी ३५ ची टाका. आन् मोजताना लाल टोक रंगावर तं टेकवलं नाई ना, थे पयले पाहा.